चार बोटं कोरी

काचेच्या पेटीला आतून घाम फुटला होता. मी पदराच्या टोकानं पुसलं, तोंडाची वाफ देऊन पुसलं, तरी थेंब हलेनात. मग ध्यानात आलं की ते आतल्या बाजूला आहेत. कॉलेजच्या लांबलचक दालनात सकाळचे सात झाले होते. उंच खिडक्यांतून फाल्गुनातलं दमट ऊन आत येत होतं, आणि बालसप्ताहाच्या प्रदर्शनाच्या नऊ पेट्या मोजून हमालांच्या हवाली करायच्या म्हणून चाव्यांचा जुडगा माझ्या कमरेला होता. आठ पेट्या कोरड्या ठणठणीत. मेणाचं गुबगुबीत बाळ, माशीचं हातभर चित्र, दुधाच्या स्वच्छ नि घाणेरड्या बाटल्या, सगळं जागच्या जागी. घाम एकाच पेटीला. मी वाकले. आणि पाटी वाचायच्या आधी, काचेतून वास येत नसतो हे पक्कं माहीत असताना, मला मिठागराचा वास आला. हिरव्या कापडावर वेटोळं घालून माझ्या ठमीआत्याची दोरी ठेवली होती. सणाची, नऊ हात लांब, मीठ पिऊन पिऊन पांढरी पडलेली. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. आमच्या घरात आढ्याला टांगलेली ही दोरी दमट दिवसांत अशीच पाझरायची, आणि आत्या म्हणायची, “दोरी रडाय लागली गो, धुणं आत घे.” इथं तिच्या पायाशी सुबक अक्षरांत रंगवलेली पाटी होती : ‘मृत्युदोर. एका निरक्षर दाईने आपल्या हातून दगावलेल्या अर्भकांची ठेवलेली मोजणी. गाठी दोनशे चौदा. जिल्हा कुलाबा.’

दोनशे चौदा. आकडा खरा होता, आणि त्या पाटीवर खरं तेवढंच होतं. ती पोरं मेलेली नव्हती. ती जगली होती. त्यांतली कुणी या घटकेला आगरात मीठ ओढत असतील, कुणी गलबतावर असतील, कुणाच्या कडेवर आता त्यांचीच पोरं असतील. आणि त्या दोरीची पहिली गाठ मी होते. मी तिथं उभी होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, कमरेला चाव्या, सव्वीस वर्षांची, धडधाकट. आणि माझ्या नावाची गाठ काचेआड मेलेली म्हणून पडली होती. मला आधी हसू आलं. मग छापलेल्या, रंगवलेल्या, सही-शिक्क्याच्या सगळ्या अक्षरांचा असा संताप आला, की जुडग्यातली चावी तळहातात रुतली तरी मला कळलं नाही. हमाल म्हणाला, “बाई, ही उचलू का?” मी म्हटलं, “नको. ही माझ्याजवळ राहू दे.” एवढंच बोलले. संताप असा असतो आमच्यासारखीचा. पेटी आपण मांडीवर घेतो.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची आगबोट निघाली तेव्हा ती पेटी माझ्या मांडीवरच होती. अलिबागला मामलेदारांनी जिल्ह्यातल्या सुईणींना गोळा केलं होतं. त्यांना प्रदर्शन दाखवायचं, प्रोफेसर निगुडकरांचं व्याख्यान ऐकवायचं आणि मग नवा हुकूम वाचून दाखवायचा, असा बेत. पाडव्यापासून परवाना नसलेल्या बाईनं बाळंतपण करायचं नाही. परवान्याची परीक्षा लेखी. हुकूम निघाला होता तो निगुडकर सरांच्या निबंधावरून, निबंध उभा होता नवजात पोरांच्या धनुर्वातावर, आणि निबंधाच्या अकराव्या पानावर ही दोरी होती. हे मला सगळं ठाऊक होतं. निबंधाच्या प्रती मीच टाचल्या होत्या. पण टाचणाऱ्या बाईनं आतलं वाचायचं नसतं, म्हणून अकरावं पान मी वाचलं नव्हतं. न वाचण्याचीही सवय होते. खाडीकडेचं पाणी गढूळ होत चाललं, वाऱ्याला चिखलाचा आणि शेवाळाचा वास आला, आणि काचेच्या आत दोरी पाझरतच राहिली, जसं काही तिला कळलं होतं आपण कुठं चाललोय.

आत्या माझ्या बापाची थोरली बहीण. धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव, पुढं पाणी, मागं आगर, मध्ये वितभर जमीन. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आईचं सुईणपण तिनं हाती घेतलं. तिच्या हातचं पहिलं बाळंतपण माझ्या आईचं, पहिलं पोर मी. आमच्याकडे सुईण पाचवीची पूजा झाली, ओटी भरून घेतली की मोकळी. आत्या मोकळी होत नसे. बाराव्या दिवशी ती पुन्हा त्या घरी जायची. भरती असो, बांध फुटलेला असो, चिखल मांडीपर्यंत असो, ती जायचीच. मी लहानपणी तिच्याबरोबर कितीदा गेले असेन! पोराला उन्हात उघडं करायची, बेंबीशी नाक नेऊन हुंगायची, हनुवटी बोटानं खाली ओढून जबडा उघडतो का बघायची, आईला म्हणायची, “पाज बघू माझ्यासमोर.” पोर चुरूचुरू ओढायला लागलं की तिचा चेहरा असा सैल व्हायचा, जणू इतका वेळ तीच उपाशी होती. मग घरी येऊन एक गाठ. बाराव्या दिवसाआधी कध्धी नाही. आणि पोर गेलेलं असलं, तर गाठ नाही; चार बोटं दोरी कोरी सोडायची. जात्यावर बसली की ती हेच गायची, आणि मला वाटायचं सगळ्यांच्याच आत्या असं गातात :

पहिली माझी गाठ, बंधवाच्या गं लेकीची
मिठाच्या राशीवर जशी रेघ चांदन्याची

आणि मग आवाज खाली उतरायचा, जात्याचा वेग मंदावायचा :

चार बोटं दोरी, कोरी गं मी सोडियेली
तुझ्या नावाची बाळा, गाठ नाही जोडियेली

ते मी विसरले असते तर बरं होतं. शिकायला म्हणून मिशनच्या बाईंबरोबर गेले तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि कपाळ पांढरं होतं. मुंबईत मला जंतू शिकवले, भिंगाखाली दाखवले. धनुर्वाताचे जंतू ढोलाच्या टिपरीसारखे दिसतात, ते शेणात असतात, मातीत असतात. मी वहीत टिपरी काढली आणि मला आत्याचं एक बोलणं आठवून अंगावर काटा आला. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा तिनं सगळी दोरी ओसरीवर पसरली होती आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली होती. मी विचारलं, “काय बघतंस गो?” ती म्हणाली, “हितं बघ. कोरं कोरं कोरं. आनि समदं पावसाच्या दिसान. पावसाचं मी राख कुठली लावतंय? गोठ्यातली. उन्हाळ्यान चुलीतली लावतंय तर पोरं जगतात.” त्या दिवसापासून तिनं नाळेला राख लावणं सोडलं, कसलीच. नाळ कापायचा विळा सोडला; बांबूची कामटी ताजी कापायची, मिठाच्या पाण्यात रटरटा उकळायची, बांधायचं सूतही त्याच पाण्यात. नाळ उघडी ठेवायची. बायका बोंबलल्या, सटवी कोपेल म्हणाल्या. आत्या म्हणाली, “कोपू दे. मी दोरीला इचारलंय.” नऊ हात दोरीत कोऱ्या जागा तेरा. त्यांतल्या नऊ पहिल्या दोन हातांत. पुढं सात हातांत चार. कॉलेजात याला मोठं नाव आहे. बघितलं, मोजलं, शंका घेतली, बदल केला, पुन्हा मोजलं. आम्हाला हे इंग्रजीत पाठ करायला लावलं होतं. ते तिनं ओसरीवर, पाय पसरून, सणाच्या दोरीवर केलं होतं. आणि आज ते काचेआड मरून पडलं होतं.

“सिस्टर, पेटी मांडीवर कशाला? साप आहे का आत?” चांगदेव समोर येऊन बसला. तो सरांचा हाताखालचा डॉक्टर. वाईट नाही, पण त्याला गप्प बसवत नाही.

“फुटेल म्हणून.”

“फुटू दे की. आतले सगळे मेलेलेच आहेत.”

“चांगदेव, थट्टा पुरे,” सर म्हणाले. सर सभ्य माणूस. बोटं लांब, नखं कापलेली, आवाज कधी चढत नाही. अवघडलेल्या बाईला ते ‘माय’ म्हणतात. अशा माणसावर रागावणं फार कठीण असतं. मी म्हटलं, “सर, त्या दोरीच्या पाटीवर...” ते हसले. म्हणाले, “आपल्या प्रदर्शनातला सगळ्यांत बोलका नमुना तो. तुम्हीच आणलात, मी विसरलेलो नाही. निबंध छापून झालाय, नाहीतर तळटीपेत तुमचं नाव घातलं असतं.” आणि ते पुन्हा पाण्याकडे बघू लागले. मी पेटीवर पदर ओढून घेतला. तळटीपेत माझं नाव! म्हणजे मीच.

हो, मीच. तो दिवस मी कितीदा धुतला असेल, तरी डाग जात नाही. गेल्या श्रावणात सर म्हणाले होते, खेड्यात बाळंतपण कसं करतात त्याच्या वस्तू हव्यात. मी नागपंचमीला घरी गेले, आत्याकडे दोरी मागितली. तिनं आढ्यावरून काढून माझ्या ओच्यात घातली. म्हणाली, “मोठ्या डागदराला दाखव. त्याला म्हनावं, मना येवडंच येतं. पन परत आन हां, पुढल्या गाठी कुठं बांधू?” तिनं विश्वासानं दिली असंही नाही, विश्वास ठेवायचा विचार करावा लागतो. तिनं नुसती दिली. सरांनी ती वर्गात चिमट्यानं उचलून धरली. वीस विद्यार्थी, पंखा, फिनेलचा वास. “सिस्टर, या गाठी म्हणजे मेलेली पोरं का?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “मिठागरातून आलेली दिसते, इथवर खारट वास मारतोय,” आणि वर्ग खो-खो हसला. इस्पितळात कुणालाच ठाऊक नव्हतं मी कुठली. मी ‘अलिबागकडची’ होते. माझी बोली मी धुवून, पिळून, वाळत घातली होती. दोन शब्द पुरले असते : जगलेली, सर. मी म्हणाले, “ठाऊक नाही, सर. असतं तिकडे काहीतरी.” सर म्हणाले, “मृत्यूच मोजत असणार. जगलेली कोण मोजतो?” आणि तेच कागदावर उतरलं. विचारायला खाडीपलीकडे कुणी गेलं नाही. एक आगबोट, सहा आणे, दोन तास. दोरीच्या कोऱ्या जागांकडे कुणी बोट दाखवून विचारलं नाही, की बाई, इथं गाठ का नाही? वीस शिकलेली डोकी होती तिथं. सर आणि मी धरून बावीस.

आणि आमची मोजणी? आमच्या प्रसूतिगृहाची जाडजूड वही, लाल कापडी पाठीची? पाचव्या दिवशी बाईला घरी धाडायचं, शेवटच्या रकान्यात ‘जिवंत’ लिहायचं. धनुर्वात उमटतो सहाव्या, सातव्या, आठव्या दिवशी. लालबागच्या चाळीतली कृष्णाबाई दहाव्या दिवशी फडक्यात गुंडाळून पोर घेऊन आली होती. पोर धनुष्यासारखं ताठ, ओठ असे ओढलेले की कुणाला वाटावं हसतंय. मी तिला धरून मुलांच्या विभागात नेलं. तासाभरात आटोपलं. मी वही उघडून मेट्रनला म्हटलं, हा शब्द बदलायला हवा. ती म्हणाली, “आपल्याकडून गेलं तेव्हा जिवंत होतं ना? मग आपल्या खात्यात ते जिवंतच.” मी म्हटलं, निदान बाराव्या दिवशी कुणीतरी चाळीत जाऊन बघून यावं, मी जाते, माझ्या सुटीच्या दिवशी जाते. तो अर्ज सरांच्या टेबलापर्यंत गेला आणि ‘आवश्यकता नाही’ एवढं लिहून परत आला. आमच्या वहीत कृष्णाबाईचं पोर अजून जिवंत आहे. आत्याच्या दोरीवर मी मेलेय. रेवस येईपर्यंत मी हेच दोन्ही तराजूत टाकत होते, आणि काटा सारखा माझ्याच छातीकडे वळत होता.

अलिबागच्या शाळेचं सभागृह माडांच्या सावलीत होतं. साठ-सत्तर बाया जमिनीवर बसल्या होत्या. आगरी, कोळी, कुणबी, दोन-तीन मुसलमान दाया भिंतीशी. काहींना तलाठ्यानं ‘पकडून’ आणलं होतं, त्या अजून पदर सावरत होत्या. मी पेट्या मांडत होते आणि मान वर करत नव्हते. पण कान कसे खाली घालणार?

“अगो बाय! माझी दोरी!”

पांढरा झालेला अंबाडा, गुडघ्यावर चापून नेसलेलं लुगडं, पाय मिठानं खाल्लेले. ठमीआत्या पेटीच्या काचेला नाक लावून उभी होती. “बगा गो, काचेन ठेवलीय! देवासारकी! ही माझी भाची, कोकिळा, हिनं नेलीती.” आणि तिनं माझा हात धरून सगळ्यांना दाखवला.

“मंग आता हळदकुंकू वाहा तिला,” शेजारची रंगू म्हणाली. “नारळ आनलास का?”

“नारळ न्हाय, पोरं आनलीत,” आत्या म्हणाली आणि पदराची गाठ सोडून तळहातावर अकरा चिंचोके दाखवले. “सात महिन्यांची अकरा. दोरी न्हवती म्हनून चिंचोक्यान धरून बसलंय. पेटी उघड गो पोरी, बांधून घेतंय.”

“मग उघडते, आत्या,” मी म्हटलं. “आधी भाषण होऊ दे.”

तिसऱ्यांदा मी खरं गिळलं. वर्गात एकदा, आगबोटीवर एकदा, आणि हे तिसरं.

सर बोलायला उभे राहिले. त्यांचं मराठी पुस्तकातलं. बाया माना हलवत होत्या, जशा पुराणात हलवतात. त्यांनी छडीनं दोरीकडे दाखवलं, ‘अर्भकमृत्यूचं विदारक प्रमाण’ म्हणाले, आणि आपल्या दोरीकडे मोठा डॉक्टर बोट करतोय हे बघून आत्यानं हात जोडून सगळ्या सभेला नमस्कार केला. तिचा तो नमस्कार! मरेपर्यंत तो मला पुरेल. चांगदेवाला वाटलं बायांना कळत नाही, म्हणून तो पुढं झाला आणि सोप्या भाषेत मोठ्यानं म्हणाला, “म्हणजे बघा, एका बाईनं दोनशे चौदा पोरं मारली. मेली सगळी! प्रत्येक मेलेल्याची एक गाठ!”

आत्याचे जोडलेले हात तसेच राहिले. “कोन मेली?” तिनं विचारलं. त्याला नाही, मला. “कोकिळा, कोन मेली गो?”

कमरेचा जुडगा केव्हा हातात आला, मला आठवत नाही. चावी कुलपात फिरली तो आवाज मात्र आठवतो. मी दोरी बाहेर काढली. ओली, गार, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या नाळेसारखी. “कुणी मेलं नाही,” मी म्हणाले, आणि माझा आवाज मुंबईचा राहिला नव्हता. “या गाठी जगलेल्या पोरांच्या हायत. बाराव्या दिवशी घरी जाऊन, बघून, मग बांधलेल्या. ही पहिली गाठ मी. मी मेलेली दिसतंय का तुमाला?”

रंगू उठली. “माझ्या बाळ्याची कुठं हाय गो यात?” मग आणखी दोघी उठल्या. सरांनी हात वर केला, तेवढ्यानं सगळ्या थांबल्या. त्यांच्या हाताला ती सवय होती. ते शांतपणे म्हणाले, “सिस्टर, तसं असेल तर गंभीर चूक झाली आहे. पण त्या दिवशी वर्गात मी तुम्हालाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ठाऊक नाही.”

खरं होतं. संतापाच्या भर प्रवाहात माणसाच्या पायाला असा खडक लागतो, आणि तो आपणच रोवलेला असतो. आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग असता तर मी झेलला असता. ती बाराव्या दिवशी पोराकडे बघते तशी बघत होती, जबडा उघडतो का ते. मग तिनं माझ्या हातातून दोरी काढून घेतली आणि सरांपुढे धरली. एका डोळ्यानं तिला कमी दिसतं. ती बोटांनी दोरीवरून चालत गेली.

“गाठीचं ऱ्हाऊ दे, डागदर. गाठी घरोघर खेळतात, कवाबी या बघाया. तुमी हे कोरं बगा. हे केसरचं. सातव्या दिसाला गेलं. गोठ्यातली राख लावली मी. हे गोदूचं, तिच्याच शेजारी, तीच राख. हे पन माझ्या हातानं गेलं. हे पन. हितवर मी आंधळी व्हते.” तिचं बोट थांबलं. “हितं राख सोडली, इळा सोडला, कामटी उकळून घ्याया लागले. आता मोजा फुडं किती कोरं हाय.”

सरांची लांब बोटं नकळत दोरीवर आली. चिमटा नव्हता हातात. एक हात, दोन हात, पाच हात. गाठी, गाठी, गाठी. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. “बाराव्या दिवशी,” ते म्हणाले, “दर खेपेला जाता? प्रत्येक घरी?”

“तर! न बगता गाठ कशी बांदायची? देवाला काय सांगू, ऐकीव हाय म्हनून?”

चांगदेव खाली बघत होता. मी म्हटलं, “सर, आपण किती घरी गेलो? आपल्या वहीत पाचव्या दिवसापुढं एक तरी ओळ आहे का? मी जाते म्हणाले होते, तर आवश्यकता नाही. निरक्षर कोण मग, सर? परीक्षा कुणाची घ्यायची पाडव्याला?”

मामलेदार खाकरले. सरांचा चेहरा उतरला, पण आवाज जागचा हलला नाही. “वहीचा विषय इथं नको. सोमवारी मेट्रनना भेटा.” मग पेटीकडे वळून, “ही पाटी काढा, चांगदेव.” चांगदेवानं पाटी उचलून पालथी घातली. “आणि निबंध?” मी विचारलं. “छापला गेलाय. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात देता येईल.” “आणि हुकूम?” ते मामलेदारांकडे बघू लागले, मामलेदार सरांकडे. चुकीला दोन तास लागत नाहीत, दुरुस्तीला वर्ष. पुढचं वर्ष! पाडव्यापासून पुढच्या वर्षापर्यंत खाडीकाठच्या बायांनी पोटं धरून बसायचं का? मी ओरडले नाही. चाव्यांचा जुडगा त्यांच्या टेबलावर ठेवला, रिकामी पेटी उघडीच ठेवली, म्हणाले, “दोरी परत जाते आहे. ती उसनी आणली होती,” आणि आत्याच्या मागोमाग बाहेर आले. मागून सरांचा आवाज आला, एखाद्या विद्यार्थ्याचा असावा तसा : “बाई, कामटी किती वेळ उकळता?” आत्या वळली नाही. दारातूनच म्हणाली, “भात शिजतो तवर. येवा घरी, दावते.”

शाळेच्या ओट्यावर ती पाय पसरून बसली. समुद्र समोरच होता, ओहोटीचा. मी तिच्याशेजारी बसले, मग खाली सरकून तिच्या पायांशी बसले. पाय तसेच होते, भेगाळलेले, मिठाचे. मला बोलायचं होतं. की वर्ग हसला, की मी एकटी होते, की तुझ्यासारखी चिखलातून चालायची सवय माझी सुटली. यातलं एकही वाक्य बेंबीशी नाक नेऊन हुंगलं तर टिकण्याजोगं नव्हतं. तिनंच विचारलं, “इचारलं व्हतं तुला त्यानं?”

“व्हय.”

“आनि तू काय बोल्लीस?”

“ठाऊक न्हाय म्हटलं.”

तिनं चिंचोके ओट्यावर ओळीनं मांडले, अकरा. दोरीचं मोकळं टोक गुडघ्यावर घेतलं, शेवटच्या गाठीवर डावा हात आडवा ठेवला आणि त्याच्यापुढं चार बोटं मोजून अंगठ्यानं दाबून धरलं. चार बोटं कोरी. “हे कुणाचं, आत्या? कोण गेलं?”

“त्या दिसाचं,” ती म्हणाली. “तू गप बसलीस त्या दिसाचं. गेला तो. गेल्याची गाठ मी बांदत न्हाय, आनि तो न्हवताच असं पन म्हनत न्हाय.”

मग तिनं पहिला चिंचोका उचलून पदरात टाकला, दोरीला पीळ दिला, आणि ओलं टोक माझ्या हातात दिलं.

“नीट धर गो. सुटंल.”